सहाव्या खाचेतलं उणे एक

“या शहरात, निदान नदीच्या या तीरावर, निदान या इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर, गुन्हेगाराचं मन माझ्याइतकं ओळखणारा दुसरा माणूस नाही!”

असं वाल्दुर रेबाने स्वतःबद्दल सांगत असे. तिसऱ्या मजल्यावर एकूण तीनच माणसं काम करत होती आणि बाकीच्या दोघींना गुन्हेगाराचं मन ओळखायची मुळीच हौस नव्हती, त्यामुळे या विधानाला आजवर कुणी हरकत घेतलेली नव्हती.

“रेबाने म्हणजे कोल्हा,” तो पुढे सांगे. “आडनावं उगाच पडत नसतात, लीविका. आमच्या घराण्यात चाणाक्षपणा रक्तातच आहे.”

त्याच्या आईचं म्हणणं जरा वेगळं होतं. खापरपणजोबांच्या सगळ्या कोंबड्या एका कोल्ह्याने नेल्या, गावाने त्यांना कोल्हा-कोल्हा म्हणून चिडवलं आणि पुढे पाद्रीबुवांनी आडनावं लिहून घेताना तेच लिहिलं, असं हेल्यूबाई सांगत. पण घराण्याचा इतिहास लिहिणारा माणूस वाल्दुर असल्यामुळे त्यात कोंबड्या नव्हत्या.

वाल्दुर पन्नाशीचा होता. अंगात भरपूर खिशांचं मासेमारीचं जाकीट आणि वरच्या खिशात भिंग. पगार मात्र त्याला गुन्हे शोधण्याचा मिळत नव्हता, लायब्ररी सांभाळण्याचा मिळत होता. ही लायब्ररी पुस्तकांची नव्हे. तिथे एकही पुस्तक नव्हतं; एक होतं, ते खुर्चीच्या आखूड पायाखाली होतं. ही लायब्ररी म्हणजे C या संगणकाच्या भाषेत लिहिलेला, कार्डांच्या चिपशी बोलणारा एक दुभाषी. तार्तू शहरातली, आणि शहराबाहेरचीही, माणसं आपलं ओळखपत्र संगणकाला जोडलेल्या खाचेत सारतात, गुप्त आकडा दाबतात आणि बसल्या जागी कर भरतात, करारांवर सह्या करतात. मध्ये बसून चिपला “बाई, हा खरंच तुमचा मालक आहे का?” असं विचारणारा जो असतो, तो हा दुभाषी. कोड कुणालाही फुकट वापरता येत असे आणि कुणालाही त्यात भर घालता येत असे. वीसेक वर्षं सगळ्यांनी भर घातली होती. कमी कुणीच काही केलं नव्हतं.

ते करायला लीविका आली. सव्वीस वर्षांची, बोलायला कमी, लोकरीच्या जाड स्वेटरमधून फक्त नाक आणि निश्चय दिसणारी. अख्खा हिवाळा तिने तो कोड घासूनपुसून काढला. एकाच कामाची तीन फंक्शनं होती, तिन्हींची स्पेलिंग वेगळी आणि चुका सारख्या. त्यांचं तिने एक केलं. शेजारणीकडून वाटी नेऊन परत न करणाऱ्या बायकांसारखी काही फंक्शनं मेमरी मागून घेत आणि कधीच परत करत नसत. त्यांना तिने शिस्त लावली. कोण्या एकाने व्हेरिएबलला नाव दिलं होतं ‘तात्पुरता’, दुसऱ्याने ‘तात्पुरता दोन’ आणि तिसऱ्याने ‘शेवटचा तात्पुरता’. तो शेवटचा तात्पुरता अकरा वर्षं टिकून होता. त्याला निरोप देताना लीविकाला क्षणभर वाईटसुद्धा वाटलं होतं.

या कामाचं तिला प्रेम होतं. तसं ती कुणाला बोलून दाखवत नसे, पण संध्याकाळी घरी जाताना एखाद्या स्वच्छ केलेल्या फाइलवरून ती पुन्हा एकदा नजर फिरवायची आणि मनातल्या मनात हसायची.

मार्चमधल्या त्या शुक्रवारी नवी आवृत्ती बाहेर पडायची होती. तिच्यात लीविकाचा अख्खा हिवाळा होता.

भिंतीलगतच्या फळीवर सहा कार्डरीडर मांडलेले होते. नवा कोड आला की यंत्र सहाही खाचांतल्या कार्डांशी बोलून बघे आणि नीट जमलं की हिरवा दिवा लावी. पाच खाचांत कारखान्यातून आलेली चाचणीची कार्डं कायमची होती. सहाव्या खाचेसाठी जुन्या बनावटीचं कार्ड लागे आणि तसं कार्ड तिघांत फक्त वाल्दुरकडे होतं. त्यामुळे रोज सकाळी तो आपलं स्वतःचं ओळखपत्र खिशातून काढी, “एका सच्च्या नागरिकाचं सच्चं कार्ड!” असं जाहीर करून खाचेत सारी आणि संध्याकाळी परत खिशात घाली.

त्या सकाळी पाच दिवे हिरवे लागले. सहावा लाल. पडद्यावर एवढंच उमटलं: उणे एक.

C भाषेची एक गंमत आहे. फंक्शनने काम नीट केलं की ते शून्य परत देतं. शून्य मिळालं म्हणजे सगळं छान. (शाळेत वाल्दुरला गणितात जे मिळायचं त्याची इथे वाहवा होते, म्हणूनच तो या भाषेकडे वळला असं हेल्यूबाई म्हणत.) आणि काही बिघडलं की शून्याच्या खालचा आकडा येतो. शहाण्या घरात प्रत्येक बिघाडाला वेगळा आकडा असतो. या लायब्ररीत मात्र वीस वर्षं एकच होता, उणे एक. त्याचा अर्थ ‘काहीतरी झालंय, काय ते तुम्हीच बघा’. प्रत्येक बिघाडाला स्वतःचा आकडा देण्याचं काम लीविकाने एप्रिलवर टाकलं होतं.

तिघांतली तिसरी म्हणजे एंडला, या सगळ्याची प्रमुख. एंडला इतकं कमी बोले की तिच्याशी झालेलं भांडणसुद्धा लोकांना दोन दिवसांनी कळायचं. ती येऊन लाल दिव्याकडे बघत उभी राहिली.

“जुना कोड लाव,” ती म्हणाली.

लीविकाने जुना लावला. सहाही हिरवे. परत नवा लावला. सहावा लाल.

“न्नो,” एंडला म्हणाली. त्या देशात ‘न्नो’चे पुष्कळ अर्थ होतात आणि त्यातला चांगला अर्थ हा नव्हता.

“एंडला, मला वाटतं बिघाड आधीपासूनच होता,” लीविका घाईने म्हणाली. “जुन्या कोडमध्ये शेवटी एक ओळ होती. आत काहीही होवो, ती आपली शून्यच परत द्यायची. कार्ड जळालं, शून्य. कार्डच नाही, शून्य. ती ओळ मी काल संध्याकाळी काढली आणि खरं उत्तर बाहेर येऊ दिलं. म्हणजे दुखणं जुनंच आहे, आता कुठे कण्हायला लागलंय.”

“कुठलं दुखणं?”

“ते शोधते.”

एंडलाने घड्याळाकडे बघितलं. “चार वाजता आवृत्ती जाते. तोवर सापडलं तर तुझा कोड जाईल. नाहीतर जुना.”

आणि ती बैठकीच्या खोलीत निघून गेली. दिवसभराचं बोलणं तिने एका दमात संपवलं होतं.

आज जुना कोड गेला तर अख्खा हिवाळा कचऱ्यात, आणि पुढे कुणी साफसफाईचं नाव काढलं की उत्तरादाखल फक्त ‘न्नो’ येणार. तिला हव्या होत्या फक्त दोन गोष्टी: सहावं कार्ड आणि अर्धा तास. कार्ड आपल्या संगणकाला जोडायचं आणि उणे एक नेमकं कुठून निघतं ते ओळीमागून ओळ चालत जाऊन बघायचं.

तिने सहाव्या खाचेकडे हात नेला.

“खबरदार!”

वाल्दुरने हातात रबरी मोजे घातले होते. भांडी घासायचे, पिवळे.

“गुन्ह्याची जागा आहे ही,” तो म्हणाला आणि त्याने फळीभोवती लाल चिकटपट्टी गुंडाळायला सुरुवात केली. “हे प्रकरण मी हातात घेतलंय. आणि एक, तपास चालू असेतो मला ‘तुम्ही’ म्हणायचं.”

तिथे सगळेच एकमेकांना अरेतुरे करत. एंडलालासुद्धा लीविका ‘तू’च म्हणे. पण वाल्दुरचं म्हणणं असं की गुप्तहेराला मदतनिसाने अरे म्हटलं की गुन्हेगारावर वचक राहत नाही.

“बरं, तुम्ही. ते कार्ड मला अर्धा तास देता?”

“पुरावा आहे तो!” त्याने कार्ड चिमटीत धरून बाहेर काढलं, सँडविचच्या पारदर्शक पिशवीत घातलं आणि पिशवी जाकिटाच्या आतल्या खिशात ठेवली. “आणि माझं ओळखपत्र आहे. त्याला हात लावायचा हक्क फक्त मला आणि पोलिसांना.”

हे दुर्दैवाने खरं होतं. लीविकाने डोक्याला हात लावला आणि कार्डाशिवाय नुसता कोड वाचायला बसली.

पहिला संशयित दहा मिनिटांत पकडला गेला. तो लीविकाचा स्वेटर निघाला.

“लोकर!” वाल्दुर भिंगातून तिच्या बाहीकडे बघत म्हणाला. “हवा कोरडी. तुम्ही हिवाळाभर लोकर घालून फळीजवळून जाता-येता. लोकर घासली की वीज तयार होते. वीज चिपवर उडी मारते. चिप वेडी होते. किती साधं!”

“मग बाकीच्या पाच चिपा शहाण्या कशा राहिल्या?”

“त्या कारखान्यातल्या आहेत, मुर्दाड. माझी नागरिकाची चिप. संवेदनशील.”

स्वेटर जप्त झाला. लीविका थंडीत कुडकुडत कोड वाचू लागली. पुन्हा चाचणी घ्यायला वाल्दुरने स्वतः, पिवळ्या मोज्यांनी, कार्ड खाचेत सारलं. उणे एक. त्याने ताबडतोब कार्ड पिशवीत आणि पिशवी खिशात घातली. स्वेटरची निर्दोष सुटका झाली, तरी तो पुराव्याच्या खोक्यातच राहिला.

“कुठंतरी पाणी मुरतंय,” वाल्दुर गंभीरपणे म्हणाला.

“मेमरीची गळती? ती मी नोव्हेंबरातच बंद केली.”

वाल्दुर फळीखाली वाकून बघत होता. “नाही, खरंच मुरतंय. इथे ओल आहे.”

तो त्याच्याच बुटांवरचा वितळलेला बर्फ होता. हे त्याला पंधरा मिनिटांनी कळलं, पण तोवर त्याने फळीखाली एक पातेलं ठेवलं होतं आणि ते दिवसभर तिथेच राहिलं.

दुपारी त्याच्या हाती खरा धागा लागला. लीविकाने काढून टाकलेल्या त्या शून्यवाल्या ओळीच्या वर एक जुनी टीप होती: ‘इथे हात लावू नका.’ आणि खाली सहीची दोन इंग्रजी अक्षरं, यू आणि के.

वाल्दुर उडालाच. “यू के! ब्रिटन! लीविका, हे प्रकरण आपल्याला वाटलं त्यापेक्षा फार वर गेलंय. परकी सत्ता आपल्या ओळखपत्रांत घुसली आणि जाताना सहीसुद्धा करून गेली. केवढा हा उद्दामपणा!”

“हेर सही कशाला करतील?”

“सभ्य लोक आहेत ते.”

एंडला कॉफी घ्यायला चालली होती. तिने जाता जाता पडद्याकडे बघितलं. “उनो कास्क,” ती म्हणाली आणि कॉफी घेऊन गेली.

उनो कास्क बारा वर्षांपूर्वी इथे होता. आता तो गावाकडे पिंपाच्या आकाराच्या लाकडी सौना, म्हणजे वाफेच्या अंघोळीच्या खोल्या, बनवून विकत होता. वाल्दुरने त्याला फोन लावला आणि उलटतपासणी लीविकालाही ऐकू यावी म्हणून आवाज मोठा केला.

“उनो, ‘इथे हात लावू नका’ असं लिहून ठेवलंयस, ते का?”

“लावला की काय कुणी?” पलीकडून हातोडीचे आवाज येत होते.

“लावला.”

“मग? काय झालं?”

“अरे, तेच तर तुला विचारतोय!”

“मला काय माहीत? ती ओळ मलाच कधी कळली नाही. म्हणून तर तसं लिहिलं. कळली असती तर मीच नसता का हात लावला?” हातोडी थांबली. “बाकी तुला सौना हवी आहे का? चार माणसांची आहे, वास फार छान येतो.”

वाल्दुरने फोन ठेवला. “शिकवून-पढवून ठेवलाय,” तो म्हणाला.

तीन वाजत आले. लीविकाने कोडच्या आठ फाइली डोळ्यांत तेल घालून वाचल्या होत्या. उणे एक परत देऊ शकतील अशा जागा तिला सतरा सापडल्या आणि कार्ड हातात असल्याशिवाय त्यातली खरी कुठली ते सांगता येणं शक्य नव्हतं.

“वाल्दुर, पाया पडते, ते कार्ड दहा मिनिटं द्या.”

“लीविका,” तो खुर्ची ओढून तिच्याजवळ बसला आणि त्याने आवाज खाली आणला. “तुम्हाला सांगायचं नव्हतं, पण तीन आठवड्यांपासून कुणीतरी माझ्या मागावर आहे. घरून, संगणकावरून बँकेत शिरायला गेलो, दार बंद. कर भरायला गेलो, ‘आपली ओळख पटत नाही’. माझी! आईच्या गायकवृंदासाठी सभागृह हवंय, त्या अर्जावर अध्यक्ष म्हणून मी सही करतो, तर सही अवैध. आणि त्याआधी फोन आला होता. बाईचा आवाज. थंडगार. म्हणाली, ‘वाल्दुर रेबाने, तुमची मुदत संपत आली आहे.’”

“आणि पुढे काय म्हणाली?” लीविकाचे डोळे पडद्यावर होते आणि अर्धंच बोलणं कानात शिरत होतं.

“ताबडतोब ठेवला मी फोन. धमकी पुरती ऐकून घेणं म्हणजे गुन्हेगाराला भाव देणं. अशा वेळी हे कार्ड मी छातीपासून दूर कसं करू?”

त्याच क्षणी दार धाडकन उघडलं. आत हेल्यूबाई आल्या. वय अठ्ठ्याहत्तर, डोक्यावर विणलेली टोपी, हातात दोन पिशव्या आणि गायकवृंदात पहिल्या रांगेत उभं राहून कमावलेला आवाज.

“कुठे आहे तो अध्यक्ष? आज संध्याकाळपर्यंत सही गेली नाही तर सभागृह अकॉर्डियनवाल्यांना देणार आहेत. अकॉर्डियनवाल्यांना! माझ्या जिवंतपणी!”

“आई, तपास चाललाय.”

“डोंबलाचा तपास! या पोरीचा स्वेटर कुठेय? गारठलीय ती.”

त्यांनी स्वेटर पुराव्याच्या खोक्यातून काढून लीविकाच्या खांद्यावर टाकला, स्वयंपाकघरात गेल्या, आणलेला राय धान्याचा काळा पाव आणि दह्याच्या गोड वड्या ठेवायला फ्रिज उघडला आणि किंचाळल्या.

तिथला फ्रिज तिघांचा होता, म्हणजे कुणाचाच नव्हता. हेल्यूबाईंनी बाह्या सरसावल्या. त्यांच्या आयुष्याचा एक नियम होता: तारीख वाचल्याशिवाय कुठलीही गोष्ट तोंडात किंवा फ्रिजमध्ये घालायची नाही. ताकासारख्या आंबट केफिरच्या बाटल्या, चीज, क्रीम, अंगावर लव आलेला एक टोमॅटो, सगळं त्यांनी टेबलावर काढलं. मग चष्मा नाकाच्या शेंड्यावर आणून त्या एकेक वस्तू वाचू लागल्या. चांगली असेल तर डावीकडे, संपलेली असेल तर उजवीकडच्या बादलीत.

साडेतीनला वाल्दुरने सगळ्यांना स्वयंपाकघरात बोलावलं. रहस्याचा उलगडा सगळ्यांना एका खोलीत गोळा करूनच करायचा असतो आणि टेबल मोठं असलेली खोली ती एकच होती. एंडला दाराला टेकून उभी राहिली. लीविका खिडकीजवळच्या स्टुलावर बसली. हेल्यूबाई आपलं काम करत राहिल्या.

“गुन्हेगार,” वाल्दुर म्हणाला आणि थांबला.

“बारा मार्च,” हेल्यूबाई केफिरला म्हणाल्या. बादलीत धप्पकन आवाज झाला.

“आई! गुन्हेगार या खोलीत आहे.” त्याने आतल्या खिशातून ती पारदर्शक पिशवी काढली आणि चीजशेजारी ठेवली. “पुरावा क्रमांक एक. बळी. एक निष्पाप कार्ड. तीन महिन्यांपूर्वी याचं सगळं सुरळीत होतं. मग कुणीतरी या घरात झाडू घेऊन शिरलं. ज्या ओळीला बारा वर्षं कुणी हात लावला नाही, अगदी ब्रिटननेसुद्धा नाही—”

“उनो कास्क,” एंडला म्हणाली.

“—उनो कास्कनेसुद्धा नाही, त्या ओळीला कुणी हात लावला? जुना कोड, हिरवा. नवा कोड, लाल. दोहोंत फरक एकाच व्यक्तीचा. मला हे सांगताना वेदना होतात.” त्याने पिवळ्या मोज्यातला हात उचलून बोट रोखलं. “लीविका.”

लीविकाचा चेहरा उतरला.

“वाल्दुर,” ती म्हणाली, “तूसुद्धा? हिवाळाभर तुझे सगळे तर्क मीच ऐकून घेतले ना? अगदी ‘प्रिंटरला विषबाधा झालीय’ इथपासून? आणि आज सकाळपासून मी तुझ्याकडे एकच गोष्ट मागतेय.”

ती ‘तू’ म्हणाली हे वाल्दुरच्या लक्षात आलं. बोट रोखलेला हात हळूहळू खाली आला. मोज्याचं बोट मात्र रबरी असल्यामुळे थोडा वेळ तसंच ताठ राहिलं.

एंडलाने घड्याळाकडे बघितलं. “न्नो,” ती म्हणाली. यावेळचा अर्थ सगळ्यांना कळला. ती जुना कोड लावायला वळली.

“चीज एप्रिल, चांगलं,” हेल्यूबाई डावीकडे सरकवत म्हणाल्या. मग त्यांनी शेजारची पिशवी उचलली. चष्म्यावरून बघितलं, चष्म्यातून बघितलं, पिशवी खिडकीच्या उजेडाकडे धरली. “हे संपलंय. फेब्रुवारी.”

आणि त्यांनी ती बादलीत टाकली.

“आई, तो पुरावा आहे!” वाल्दुर बादलीवर झेपावला.

“असेल. पण संपलेला आहे. इथे छापलंय की स्वच्छ, तुझ्या त्या घुबडासारख्या फोटोखाली. वैध, फेब्रुवारीपर्यंत. मुदत संपलेली गोष्ट मी फ्रिजात ठेवू देणार नाही.”

बादलीत अर्धा शिरलेला वाल्दुर तसाच थबकला. एंडला दारातच वळली. लीविका स्टुलावरून उठली ती धावतच.

ती यंत्रापाशी पोहोचेपर्यंत तिच्या डोक्यात सतरा जागांमधली एक लखलखत होती: कार्डाच्या प्रमाणपत्राची तारीख तपासणारं ते छोटंसं फंक्शन. तारीख उलटली असेल तर काय करायचं? उणे एक. आणि वरून उनो कास्कची ओळ म्हणायची, शून्य, शून्य, सगळं छान.

“कार्ड!” ती ओरडली.

या वेळी वाल्दुरने केफिर लागलेली पिशवी जाकिटाला पुसली आणि कार्ड मुकाट्याने तिच्या हातात ठेवलं.

लीविकाने ते सहाव्या खाचेत सारलं आणि यंत्राचं घड्याळ मागे, जानेवारीत नेलं. नवा कोड चालवला. पहिला हिरवा. दुसरा, तिसरा, चौथा, पाचवा. सहावा जरासा रेंगाळला.

हिरवा.

घड्याळ परत मार्चमध्ये आणलं. लाल. उणे एक.

“म्हणजे,” एंडला म्हणाली, आणि मग तिसऱ्या मजल्यावर कधीच घडलं नव्हतं ते घडलं, ती बोलतच राहिली, “जुना कोड खोटं बोलत होता. संपलेल्या कार्डाला बारा वर्षं आपण ‘छान, छान’ म्हणत होतो. आज पहिल्यांदा आपली लायब्ररी खरं बोलली आणि मी तिचं तोंड बंद करायला निघाले होते.” ती लीविकाकडे वळली. “तुझा कोड जाईल. सगळाच्या सगळा. आणि सोमवारी मला केक आणायला लाव.”

लीविकाला हसू आवरेना. डोळे भरून आले होते आणि हसूही येत होतं आणि अंगावर पुराव्याची चिठ्ठी लटकणारा स्वेटर होता. चारला पाच मिनिटं असताना तिने स्वतःच्या हाताने आवृत्ती बाहेर सोडली.

इकडे वाल्दुर टेबलाशी बसून एकेक कडी जुळवत होता. बँकेचं बंद दार (बँक तारीख स्वतःही तपासते). न पटणारी ओळख. अवैध सही. बाईचा थंडगार आवाज.

“तुमची मुदत संपत आली आहे,” तो पुटपुटला. “कार्डाची.”

“मग कुणाची?” हेल्यूबाई म्हणाल्या. “मलाही आला होता तो फोन गेल्या वर्षी. मी पूर्ण ऐकला, थँक्यू म्हटलं आणि जाऊन नवीन कार्ड काढून आणलं. ऊठ आता. कार्डाच्या कचेरीत माझ्याबरोबर चल, आणि सभागृहाच्या अर्जावर उपाध्यक्षांची सही घेते मी. उपाध्यक्ष कोण आहे माहितीय?”

“कोण?”

“मी.”

“मग तीन आठवडे माझ्या मागे का लागली होतीस?”

“तुला बरं वाटावं म्हणून, राजा.”

दारापाशी वाल्दुर थांबला. लीविकासमोर येऊन त्याने पिवळे मोजे काढले, घडी केली, खिशात ठेवले.

“लीविका, मी चुकलो. अगदी वाईट चुकलो,” तो म्हणाला आणि ते त्याला मनापासून वाटत होतं हे तिला दिसलं. एवढ्यावर तो थांबता तर बरं झालं असतं. “तरी एक गोष्ट नोंदवून ठेव. गुन्हेगार या खोलीत आहे, असं मी म्हणालो होतो. तो होताच. माझा तर्क दिशा सोडून बाकी सगळ्या बाबतीत अचूक होता.”

“होता,” लीविका म्हणाली. “जा तू आता, कचेरी बंद होईल.”

सोमवारी तो नव्या कार्डाच्या अर्जाची पावती फडकावत आला. कार्ड यायला वेळ होता. सहाव्या खाचेत आता काय घालायचं हा प्रश्नच आला नाही, कारण लीविकाने तिथे वाल्दुरचं जुनं कार्ड परत लावून टाकलं होतं, कायमचं. संपलेली कार्डं नीट ओळखली जातात की नाही हे रोज तपासायला हवं, आणि त्यासाठी एक खात्रीने संपलेलं कार्ड लागतं. त्या बिघाडाला तिने एप्रिलची वाट न बघता स्वतःचा आकडा दिला होता आणि चाचणीला नावही.

“माझं नाव?” वाल्दुर हरखून गेला. केकचा तुकडा तसाच हातात राहिला. “माझ्या नावाची चाचणी? कोडमध्ये? कायमची?”

“कायमची.”

तेव्हापासून रोज सकाळी यंत्र सहा कार्डांशी बोलतं, सहा हिरवे दिवे लागतात आणि शेवटी पडद्यावर एक ओळ उमटते. वाल्दुर ती आल्यागेल्या प्रत्येकाला अभिमानाने वाचून दाखवतो:

‘रेबाने: मुदत संपलेली. बाकी सगळं छान.’